पाया सारखा करून घे

श्रावंती पुस्तक पुढे सरकवते.
नान्ना, चाराचा एक्सवा घात बरोबर आठ.
एक्स किती?
आमच्या वेळी तो क्ष होता,
सातवीनंतर पुन्हा कधी भेटला नाही.

मी घडीखात्यातला माणूस.
अक्कलकोट रोडला चिलवेरींच्या कारखान्यात
माग खडखडतात पलीकडे, मी अलीकडे
दिवसाला तीनशे चादरी दुमडतो.
कानांत अजून तेच चाललेलं असतं,
म्हणून पोरीचं बोलणं मला
ओठांवरून वाचावं लागतं.

हिप्परगी सर म्हणतात, ती सांगते,
आधी पाया सारखा करून घ्या.
चार म्हणजे दोनाचा दुसरा घात, आठ म्हणजे तिसरा.
घाताचा घात आला की वरच्यांचा गुणाकार.
पाया सारखा झाला ना?
मग तो झाकायचा, वरचे तेवढे समोरासमोर आणायचे.
दोन एक्स बरोबर तीन.
एक्स दीड.

तसंच, पंचविसाचा दीडावा घात सव्वाशे.

भिंतीशी अंबव्वा सुपात पानं कातरत बसलेली.
तिचं बोट थांबत नाही, तोंड थांबतं कधी?
काय बोलूलालीस ग?
पंचवीस विड्यांचा कट्टा, दीड कट्टा म्हणजे साडेसदतीस.
सव्वाशे होत असतील
तर हा हिशेब जाऊन मुनिमाला शिकव,
रोज मूठभर विड्या वाईट म्हणून काढतो मेला.

गुणाकार नाही गं अम्मा, घात आहे, घात.
घातच की, अंबव्वा म्हणते,
आणि पुढचं पान उचलते.

मी उठून पेटीवरची चादर काढली.
जमिनीवर अंथरली.
एक घडी घातली, दोन पदर. दुसरी, चार.
तिसरी, आठ.
आता आणखी दोन घड्या घालतो, बघ,
पदर चौपट होतात, घड्या फक्त दोनानं वाढतात.
पाचवी घडी दाबताना गुडघा लावावा लागला.
बत्तीस.
एक उलगडली, सोळा.
तीस वर्षं हे हातांना माहीत होतं,
मला कुणी विचारलंच नव्हतं.

मग शून्यावा घात एक का येतो? तिनं विचारलं.
सरांनी सांगितलं, पाठ करा.
मी पाचही घड्या सोडवल्या.
चादर पसरली, अंबव्वाच्या सुपापर्यंत गेली.
एकही घडी नाही. मोज पदर.

ती थोडा वेळ काही बोलली नाही.
मग हळूच: आणि उणे एक?

उणे एक घडी.
हात हवेतच राहिला माझा.
आणि आठवलं, ती जन्मली त्या थंडीत
काठाला शाईचा डाग पडलेली एक चादर
शेठनी पगारातून कापून दिली होती.
मधोमध फाडली.
अर्धी तिला गुंडाळायला, अर्धी दाराच्या फटीला.
दोनाचा उणे एकावा घात, बाई,
तू त्याच्यात झोपलेली आहेस.

पुस्तकात तळाला बारीक अक्षरांत आहे:
पाया एक असेल तर हा नियम लागत नाही.
एकाचा तिसरा घात एक, तिसावाही एकच,
म्हणून वरचे सारखे आहेत असं म्हणता येत नाही.
ती घाईत पुढे गेली.
मी तिथंच अडकलो.
तीस वर्षं, दिवसाला तीनशे,
एकाला एकानं गुणत.

नान्ना, हे बघा, चाराचा एक्स अधिक एकावा घात
बरोबर आठाचा दुसरा.
सांगू नको, म्हटलं.
पेन्सिल दे.
दोन, मग कंस, मग दोन एक्स अधिक दोन,
इकडे सहा...
चादरीच्या एका टोकावर बसून लिहितोय,
दुसऱ्या टोकावर तंबाखू सांडलाय,
अंबव्वा ओरडतेय, आधी ती उचला,
माझे अजून सात कट्टे राहिलेत.

थांब ग.
पाया सारखा झालाय.